चोरीला गेलेली वीस मिनिटं

१

चोरीला काय गेलं, तर वीस मिनिटं. पोलिसांत जायची सोय नव्हती, कारण पेटी जागच्या जागी होती, यंत्र पेटीत होतं आणि यंत्राची वायरसुद्धा नीट गुंडाळलेली होती. शनिवारी सकाळी भगवानराव आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, डोक्याला हेडबँड लावला, टॅबलेटवरचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली की तुमचं आजचं सेशन पूर्ण झालं आहे, आता उद्या.

त्या दिवशी त्याआधी भगवानरावांनी हेडबँडला हातही लावलेला नव्हता. निदान त्यांना तसं आठवत तरी होतं.

त्यांनी आम्हाला फोन केला. "मोहनराव, सुनीतीवहिनींना घेऊन याल का? गेले तीन आठवडे मधूनमधून हे चाललंय. चोर सापडला तर उत्तम. नाही सापडला तर चोर मीच, आणि मग माझं डोकं कामातून गेलं म्हणायचं."

सुनीतीवहिनी म्हणजे माझी बायको. खोटं सांगून भत्ते लाटणाऱ्यांना पकडण्याचं कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, एक खातं असतं, त्यात तिची सगळी नोकरी झाली. ती नोकरीतून निवृत्त झाली, स्वभावातून नाही. श्रीखंडाच्या डब्याला चमचा कुणी लावला हे ती नुसतं डब्याकडे बघून सांगते, आणि घरात आम्ही दोघंच असल्यामुळे अंदाज सहसा चुकत नाही. शिस्तही तशीच कडक. इथे विलायतेत पाऊल ठेवल्यापासून तिने मला एकदाही बशीतून चहा पिऊ दिलेला नाही. लोक काय म्हणतील, हे तिचं कारण. लोकांना काही म्हणायची संधी अजून मिळालेली नाही.

पण भगवानरावांकडून बोलावणं आलं की ही बाई गॅस बंद करून तशीच निघते. आम्ही या स्लाऊ गावात अगदी नवे होतो तेव्हा आमची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. सुनीतीच्या आईला व्हिसा मिळेना. एवढासा तो जीव उचलताना आमचे दोघांचेही हात कापायचे. एक दिवस दार वाजलं आणि काही घरं पलीकडे राहणारी एक बाई आत आली. "मी सिंधुबाई," म्हणाली, हात धुतले आणि बाळाला तेल लावायला बसली. मग रोज येत राहिली. तिचे हात कापत नव्हते. ती मुलगी आता स्वतः आई झालीय. असले उपकार फिटत नाहीत, आणि ते फिटावेत असं आम्हाला वाटतही नाही.

त्याच सिंधुबाईंचे यजमान म्हणजे आमचे भगवानराव. आम्ही गाडी काढली.

२

दार भगवानरावांनीच उघडलं. "जय भीम," ते म्हणाले. मी जय भीम म्हणालो आणि मनातल्या मनात खूश झालो, कारण वर्षभरापूर्वी दाराची कडी काढणं त्यांच्या उजव्या हाताला जमत नव्हतं.

त्यांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरायचा, शर्टाचं बटण लावताना अर्धी सकाळ जायची. रेल्वेत सिग्नलची दुरुस्ती करणारा माणूस, बारीक कामाची सवय, त्यामुळे त्यांना ते फार लागायचं. मग हॉस्पिटलच्या एका प्रयोगात त्यांचं नाव लागलं. डोकं उघडायचं नाही, टोचायचं नाही. हेडबँडला दोन स्पंज, ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे, डोक्यावर ठरलेल्या जागी बसवायचे आणि वीस मिनिटं अगदी सौम्य करंट सोडायचा. मेंदूचा जो भाग हात हलवतो त्याला बाहेरूनच जरा जागं करायचं. सोबत हाताचे व्यायाम. यंत्र दिवसातून एकदाच चालतं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुलूपबंद. प्रयोगातल्या निम्म्या लोकांना खरा करंट मिळतो, निम्म्यांना नुसता देखावा. कुणाला काय, हे पेशंटलाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं.

भगवानरावांचा हात मात्र सुधारला होता. त्यांनी आमच्यासमोर किटलीतून चहा ओतला, सावकाश, पण काठोकाठ आणि थेंबही न सांडता. सिंधुवहिनी हात शालीत गुंडाळून शेजारी उभ्या होत्या. मी किटली घ्यायला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या, त्यांनाच ओतू द्या. नीना म्हणालीय, हाताला काम द्या."

नीना म्हणजे हॉस्पिटलमधली प्रयोगाचं काम बघणारी मुलगी. वहिनींनी तिचं बोलणं फार मनावर घेतलेलं दिसत होतं. कांदा भगवानराव चिरतात, सुईत दोरा भगवानराव ओवतात, नातीच्या कोटाचं बटण त्यांनीच शिवलं. बायको असावी तर अशी, असं मी मोठ्याने म्हणालो. सुनीतीने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी स्वतः चहा घेतला नाही, त्यांचा म्हणे केव्हाच झाला होता.

"नीनाला विचारलंत?" सुनीतीने मुद्द्याला हात घातला.

विचारलं होतं. नीनाचं म्हणणं सरळ होतं. यंत्र टेबलावर ठेवून चालत नाही. दोन्ही स्पंज नीट कातडीला टेकले तरच सुरू होतं, मध्ये संपर्क तुटला तर बंद पडतं. म्हणजे ती वीस मिनिटं कुणाच्या तरी डोक्यावर चालली होती. "यंत्राला डोकं कळतं, कुणाचं ते कळत नाही," असं ती म्हणाली. हॉस्पिटलच्या दृष्टीने सगळं छान होतं, रोज एक सेशन, एकही खाडा नाही. फक्त पेशंट म्हणत होता की यातली काही मी केलीच नाहीत.

"त्याचा अर्थ हॉस्पिटलवाल्यांनी मला गोडीत समजावला," भगवानराव म्हणाले. "सोमवारी स्मरणशक्तीची चाचणी घेणार आहेत. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं, वहिनी. जेवून उठायचे आणि विचारायचे, मला जेवायला कधी देणार? हात गेला ते मी सोसलं. डोकं गेलं तर मी कोण उरलो?"

सोमवारी चाचणीची वाट न बघता पेटीच परत देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. हे ऐकताना सिंधुवहिनी शालीतल्या शालीत आक्रसल्यासारख्या झाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

३

घरात आणखी दोन माणसं. मुलगा प्रज्ञेश आणि त्याची मुलगी तनू. सून कल्याणी कामासाठी महिनाभर ग्लासगोला होती, म्हणून ती संशयातून सुटली.

प्रज्ञेश इथल्याच ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याचं या यंत्राबद्दलचं मत चांगलं नव्हतं. नुसतं मनाचं समाधान आहे काका, असं तो मला म्हणाला. सुनीतीने विचारल्यावर त्याने हेही कबूल केलं की सुरुवातीला एकदा आत काय आहे ते बघायला त्याने यंत्राचे स्क्रू काढले होते. डोक्याला लावलं नव्हतं. त्याची काळजी वेगळीच होती. एजवेअरला एक केअर होम, म्हणजे वृद्धाश्रमच, त्याने बघून ठेवलं होतं, आपलं जेवण मिळतं असं. "बाबांचं मेमरीचं खरं निघालं तर आईला ते एकटीला मॅनेज होणार नाही, काकू. आणि उद्या तिलाच काही झालं तर दोघांना मी कसं बघू?"

तो वाईट मुलगा नाही. पण भिंती पातळ होत्या आणि त्याचा आवाज मोठा होता.

तनू सतरा वर्षांची, परीक्षा तोंडावर. यंत्राने अभ्यास लक्षात राहतो असे व्हिडिओ तिने पाहिले होते आणि आजोबांकडे एकदा मागूनही झालं होतं. बापाने झापल्यावर विषय संपला, असं तिचं म्हणणं. "मी नाही घेतली, सुनीतीआजी. प्रॉमिस. मी अर्ली उठतच नाही." तिचं मराठी असंच आहे, लिंग चुकतं पण माणूस चुकत नाही. सुनीती तिच्याशी परीक्षेचं, मैत्रिणींचं, केसांचं बोलत बसली. तनूची तक्रार होती की शनिवार सगळा घरातच जातो. "आज पण ऑइल नाईट आहे. आधी आजी माझी हेअर करायची, आता मी तिची करते. तिचा शोल्डर दुखते. मला नकोच असते, स्मेल येते."

हे असलं काय ऐकत बसलीयस, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

राहिला बाहेरचा एकजण. शशिधर हा भगवानरावांचा जुना मित्र. रोज सकाळी येतो, भगवानरावांची आंघोळ होईपर्यंत पुढच्या खोलीत पेपर वाचतो आणि मग दोघं फिरायला जातात. भगवानरावांची आंघोळ म्हणजे निवांत काम, आणि पेटी असते पुढच्या खोलीत. शिवाय शशिधरचाही एक पाय आता अडखळू लागला होता. त्यानेही याच प्रयोगाला अर्ज केला होता, पण तरुणपणी मोटरसायकलवरून पडून त्याच्या कवटीत धातूची पट्टी बसवलेली, म्हणून त्याला नकार मिळाला. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

हे सगळं ऐकून प्रज्ञेशने आणखी एक गोष्ट पुढे केली. चोरी कुठल्याही वारी झाली होती, पण रविवारी कधीच नाही. आणि शशिधरकाका येत नाहीत तो एकच वार, रविवार.

मला हे एकदम पटलं. त्या संध्याकाळी शशिधर पुन्हा डोकावला तेव्हा प्रज्ञेशने त्याला तोंडावर विचारलं, आणि चांगलं विचारलं नाही. शशिधरचा चेहरा पडला. "भगवान," तो म्हणाला, "तुलाही असंच वाटतं का?" भगवानरावांनी मान खाली घातली. शशिधरने टोपी उचलली आणि निघून गेला.

मी सुनीतीला म्हणालो, चोराच्या मनात चांदणं, बघ कसा पळाला.

"कवटीत पट्टी असलेला माणूस डोक्यात करंट सोडून घेईल का?" तिने विचारलं. मी म्हटलं, जिवावर उदार झाला असेल.  निघताना तिने भगवानरावांना एकच प्रश्न विचारला. रविवारी पेटी उघडता तेव्हा काही वेगळं दिसतं का?

भगवानराव विचार करू लागले. "वेगळं म्हणजे... रविवारी स्पंज ओलेच असतात. मी रोज धुऊन, पिळून, सुकवून ठेवतो. मला वाटलं, ते पण मीच विसरलो असेन."

सुनीती दारातच थांबली. मग मला म्हणाली, "उद्या सकाळी लवकर यायचं."

४

रविवारी विहारात वंदना असते आणि नंतर सगळ्यांना जेवण. सिंधुवहिनी कित्येक वर्षं तिथे वाढायला उभ्या असतात. त्यामुळे घर लवकर उठलेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा भगवानरावांनी अजून पेटीला हात लावला नव्हता.

सुनीतीने पेटी उघडली. दोन्ही स्पंज ओले होते. टॅबलेट चालू केला, तर आजचं सेशन बाकी.

भगवानराव म्हणाले, "बघा, आज चोरी नाही."

"चोरी नाही, पण चोर येऊन गेलाय," सुनीती म्हणाली. "स्पंज भिजवले, डोक्याला लावले, आणि यंत्र चाललं नाही. दर रविवारी हेच होतंय. रविवारी चोर सुट्टी घेत नाही, रविवारी यंत्र त्याला दाद देत नाही."

मी शशिधरचा विचार केला आणि मला लाज वाटली. रविवारी तो या घरात पाऊलही टाकत नाही. काल त्याच्या पाठीवर मी म्हण फेकून मोकळा झालो होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

सुनीतीने एक स्पंज उचलून कागदी रुमालावर दाबला आणि रुमाल खिडकीपाशी, ऊन येत होतं तिथे वाळत ठेवला. पाणी काही वेळाने उडून गेलं. डाग गेला नाही. कागदावर एक पारदर्शक गोल तसाच राहिला. तिने तो माझ्या नाकापुढे धरला.

तो वास मला आईच्या मांडीइतका ओळखीचा होता. खोबरेल तेल.

मी भगवानरावांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावर केस नावालाही नाहीत. सकाळच्या उन्हात ते डोकं पितळेच्या तांब्यासारखं चमकत होतं.

"कुणाला काही बोलू नका," सुनीती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. चोर पकडल्यावर तिच्या आवाजात एक धार येते, ती मी आयुष्यभर ऐकलीय. आज ती नव्हती. सुनीती आत कुठेतरी दुखावल्यासारखी बोलत होती, आणि त्याचं कारण मला कळेना.

५

विहारातून परत आल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले. शशिधरला सुनीतीने प्रज्ञेशकडूनच फोन करवून बोलावून घेतलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीत कोट न काढता बसला. भगवानरावांनी सवयीप्रमाणे चहा ओतला. सिंधुवहिनींचा चहा केव्हाच झाला होता.

सुनीतीने कागदी रुमाल टेबलावर ठेवला. त्या दिवशी ती फार थोडं बोलली.

"आधी शशिधरभाऊंची माफी. रविवारी ते इथे नसतात आणि स्पंज आज सकाळी ओले होते. दुसरं, हे तेल. भगवानभाऊ, तुमच्या डोक्याला तेल लागून किती वर्षं झाली?"

"केस गेल्यापासून नाही," भगवानराव म्हणाले.

"मग हे तुमच्या डोक्याचं नाही. तेलकट केसांवर मिठाचं पाणी टिकत नाही, म्हणून यंत्र चालेना. ती सेशन्स तुम्ही केली नाहीत, स्पंज तुम्ही ओले ठेवले नाहीत. तुम्हाला जे आठवतंय ते सगळं बरोबर आहे. तुमचं डोकं शाबूत आहे."

 भगवानरावांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि त्यांचे खांदे हलू लागले. गेले तीन आठवडे हा माणूस रोज रात्री दिवसभराचा हिशेब मनाशी पुन्हा पुन्हा मांडत होता, काय केलं, काय विसरलो, हे मला तेव्हा समजलं. 

प्रज्ञेश पुढे झुकला. "पण मग घेतलं कुणी, काकू?"

"मला जे सिद्ध करायचं होतं ते झालं," सुनीती म्हणाली. "पुढचं मला विचारू नकोस."

 प्रज्ञेशची नजर हळूहळू तनूकडे वळली. शनिवारची ऑइल नाईट त्यालाही ठाऊक होती. "तनू?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. तनूचे डोळे भरून आले.

"तिला काही बोलू नकोस," सिंधुवहिनी म्हणाल्या. "मी घेतलं."

६

त्यांनी शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना बघू दिला. तो थरथरत होता. मग त्यांनी समोरचा रिकामा कप उचलला, आणि कप बशीवर वाजू लागला. 

"उन्हाळ्यापासून आहे," त्या म्हणाल्या. "प्रज्ञेशचे बाबा मशीनने सुधारले हे मी डोळ्यांनी बघत होते. घरातलं बीपीचं मशीन काय, गुडघ्याचा पट्टा काय, सगळेच वापरतो की आपण. मला वाटलं, हेही तसंच. ज्या सकाळी हात जास्त हलायचा त्या सकाळी लावायचे. रविवारी तर विहारात वाढायचं असतं, लोकांच्या ताटात वरण सांडलं तर? म्हणून रविवारी हमखास लावायचे, आणि रविवारीच ते चालायचं नाही. मग निघायच्या घाईत स्पंज पिळून सुकवायचे राहून जायचे."

एका दिवसात एकच सेशन मिळतं, हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा भगवानराव स्वतःवर संशय घेऊ लागले होते, आणि सांगायचं म्हटलं तर स्वतःच्या हाताचंही सांगावं लागणार होतं. सांगितलं असतं तर घरात दोन पेशंट झाले असते. "एजवेअरचं मी ऐकलं होतं, बाळा," त्या प्रज्ञेशला म्हणाल्या. "मला माझी भीती नव्हती. मी पण आजारी आहे म्हटल्यावर तुझ्या बाबांना कोण ठेवून घेणार होतं इथे?" मग त्या भगवानरावांकडे वळल्या. "तुम्ही रात्री जागायचात ते मला कळायचं. रोज ठरवायचे, उद्या सांगते."

भगवानराव बायकोकडे बघत राहिले. आता हा शांत माणूस रागावणार, असं मला वाटलं, आणि त्याला तो हक्क होता.

"म्हणून मला कांदा चिरायला लावत होतीस?" ते म्हणाले.

सिंधुवहिनींनी मान डोलावली.

"आणि सुईत दोरा?"

पुन्हा मान हलली. मग भगवानराव रडता रडता हसले, आणि उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांपैकी आता कुणाचा हात जास्त थरथरत होता, ते मला सांगता येणार नाही. प्रज्ञेशही उठला. आधी त्याने तनूच्या डोक्यावर हात ठेवला, मग शशिधरसमोर जाऊन वाकला. शशिधरने कोट काढला, तेव्हा कळलं की माफी पोचली.

गाडीत बसल्यावर मी सुनीतीला विचारलं, तुला नक्की कधी कळलं? तेलाने संशय तनू आणि वहिनी या दोघींवर आला, तिथून वहिनींवर कशी आलीस?

"आधी आजी नातीच्या केसांना तेल लावायची, आता नात आजीच्या केसांना लावते, हे तूही ऐकलंस ना," ती म्हणाली. "म्हणजे शनिवारी तेल फक्त सिंधुताईंच्या डोक्यात असतं. आणि त्यांनी लावणं सोडलं का? खांदा दुखतो म्हणे. मग मी बघितलं, घरातलं प्रत्येक बारीक काम कुणाकडे गेलंय? ज्याचा हात थरथरतो त्याच्याकडे. आपण त्यांचं कौतुक करत बसलो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "त्यांच्या हातांना मी ओळखते रे. आपलं बाळ त्या हातांत होतं. म्हणून मला ते तोंडाने म्हणवेना."

सोमवारी दोघंही हॉस्पिटलला गेले. नीनाने सगळं ऐकून घेतलं. आधी तिने सिंधुवहिनींना चांगलं सुनावलं, कारण एकासाठी नेमून दिलेलं यंत्र दुसऱ्याच्या डोक्याला लावणं धोक्याचं असतं. आणि मग तिनेच त्यांचे डोळे पुसले. भगवानराव चाचणीत उत्तम पास झाले. हुकलेल्या सेशन्सची नोंद झाली आणि त्यांची जागा प्रयोगात राहिली. वहिनींना जीपीने, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने, पुढे मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचं निदान वेगळंच निघालं. पार्किन्सन्स नव्हता, नुसता हात कापण्याचा एक जुना, सावकाश चालणारा विकार. त्याला गोळ्या होत्या, आणि गोळ्यांनी भागलं नाही तर डोकं न उघडता बाहेरूनच करायचे उपचारही होते. एजवेअरचा विषय प्रज्ञेशने पुन्हा काढला नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. नीनाला मी हळूच विचारलं की भगवानरावांच्या यंत्रात खरा करंट आहे की देखावा? ती हसली. प्रयोग संपेपर्यंत तिलाही कळणार नव्हतं. म्हणजे चोरी झाली हे खरं, पण चोरीला काही गेलं की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. भगवानरावांचा हात यंत्राने सुधारला, की वहिनींनी स्वतःचं लपवायला त्यांच्या हातात दिलेल्या सुईने आणि किटलीने? ते जे काही असेल त्याचे मी मनापासून आभार मानतो. नीनाचे, त्या यंत्राचे, किटलीचेसुद्धा.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. शशिधर होता, तनू होती. भगवानरावांनी किटलीकडे हात नेला तर सिंधुवहिनी म्हणाल्या, "आज मी."

त्यांनी शाल घेतली नव्हती. किटली उचलली, हात थरथरला, तोटी कपाच्या काठावर वाजली. कुणी मदतीला उठलं नाही आणि कुणी नजरही फिरवली नाही. पहिला कप सुनीतीचा. तो भरला, पण तितकाच चहा बशीतही सांडला. वहिनींचा चेहरा कानकोंडा झाला आणि त्यांनी कापडासाठी हात पुढे केला.

सुनीतीने तो हात धरला आणि बाजूला ठेवला. मग माझ्या बायकोने, जिने आयुष्यभर मला हे करू दिलं नाही, दोन्ही हातांनी बशी उचलली, तोंडाला लावली आणि अगदी सावकाश, आवाज करत, सगळा चहा पिऊन टाकला.

"सिंधुताई," ती म्हणाली, "अजून थोडा सांडा."